बिनकाट्याचं वांगं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि ज्यांचा आहे त्यांच्याशी मी आयुष्यभर हुज्जत घालत आले आहे. तरीही गेल्या हिवाळ्यात दुपारी तीनच्या सुमाराला 'व' अक्षराचा खण उघडायला मी घाबरत होते, हे आधीच लिहून टाकते. खणात कागदाच्या पुड्या होत्या, पुड्यांत वांग्याचं बी होतं, आणि खण उघडला की राखेचा वास यायचा. खणात राख नव्हती. त्याच्या अडीच वर्षं आधी मीच ती झटकून काढली होती.

निगडीच्या एका सेक्टरात पहिल्या मजल्यावर आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे मी ग्रंथपाल. कॉम्प्युटर आले तेव्हा पुस्तकांची कार्डं ठेवायचं जुनं लाकडी कपाट रिकामं झालं. अक्षरांच्या चिठ्ठ्या लावलेले छोटे छोटे खण, पितळी कड्या, भंगारात द्यायला जीव होईना. मग कुंडीवाल्या सभासदांनी डोक्यात भरवलं की यात बिया ठेवू. पुस्तकासारख्या न्यायच्या, भाजी पिकवायची, बी धरायचं आणि परत आणून द्यायचं. मला कल्पना आवडली. नियम मी माझ्या हाताने लिहिले आणि कपाटावर चिकटवले. चिमूटभर न्या, चमचाभर परत करा. वर्षाच्या आत परत करा. आणि तिसरा नियम, पीक न आल्यास त्याच भाजीच्या बियांची नवी पुडी आणून जमा करा.

हा तिसरा नियम आम्ही पुस्तकांना लावतो तोच होता. पुस्तक हरवलं तर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत आणून द्यायची, विषय संपला. मला तो फार शहाणपणाचा वाटला होता. लोक कारणं सांगतात याचा मला भयंकर कंटाळा आहे. पाहुणे आले, पोर आजारी पडलं, घर बदललं, आणि पुस्तक मात्र नाही. "कारणं ऐकायला मी इथे बसलेली नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आमचे शिपाई माझी नक्कल करायला घेतात तेव्हा तेच पहिलं म्हणतात. राग माझ्या नाकावर असतो, हे मला माहीत होतं. त्याचा मला थोडा अभिमानही होता.

कपाटातली ही बियांची पेटी सुरू झाली त्याच पावसाळ्यात त्या आजी आल्या. मोशीहून बस बदलून आल्या होत्या. हिरवं नऊवारी, हातात औषधाच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत एक डबा. डबा माझ्या टेबलावर उपडा केला आणि करड्या राखेचा ढीग माझ्या नोंदवहीवर पडला. मी किंचाळलेच.

"आजी, हे वाचनालय आहे! पुस्तकांवर राख उडतेय!"

"राखंत बी हाय, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "काटेरी वांग्याचं. आमच्या मळ्यातलं. इंद्रायणीकाठच्या."

मळा आता राहिला नव्हता. त्या जागी मोठी सोसायटी झाली होती आणि त्याच सोसायटीत सातव्या मजल्यावर त्या मुलाकडे राहायच्या. "आदी खाली वांगी हुती, आता मी वर हाय," असं म्हणून हसल्या. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी ती वांगी जगवली होती. फिकट हिरवं वांगं, अंगावर पांढरे पट्टे, आणि देठाला असे काटे की खुडताना बोटातून रक्त यायचं. सासूने दिलेलं बी होतं. राख त्या गावठाणातल्या एका घरून आणायच्या, तिथे अजून आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटायचा. बी धरायचं वांगं कोणी चुकून खुडू नये म्हणून त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची, ते पिवळंधमक होऊन मऊ पडलं की फोडायचं, बी धुवायचं, वाळवायचं आणि राखेत घोळून ठेवायचं. हे सगळं त्यांनी मला उभ्याउभ्या शिकवलं. मी मान डोलवत होते आणि मनात टेबल कसं पुसायचं याचा विचार करत होते.

"घरात डबा ठिवला की सून साफसफाईत टाकती," त्या म्हणाल्या. "तिचं बी काय चुकतं, कंपनीत जाती, तिला येळ कुटं हाय. मी हाय तवर झाडं हायेत. माझ्या माघारी तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. ऱ्हाईल ना?"

"वाचनालयात जमा झालेली वस्तू हरवत नाही, आजी," मी म्हटलं. अगदी याच शब्दांत.

त्या गेल्यावर मी चाळणी आणली आणि राख झटकून टाकली. स्वच्छ बियांच्या बारा पुड्या केल्या. 'व' च्या खणात ठेवल्या आणि महिन्याभरात बाराच्या बारा देऊन टाकल्या. एकही मागे ठेवली नाही. पुस्तक कपाटात पडून राहिलं की मला राग येतो, बियांचंही मी तसंच केलं.

अकरा पुड्या निगडी-चिंचवडच्या सभासदांनी नेल्या. बारावी चाकणच्या एका कंपनीत वेल्डिंग करणाऱ्या माणसाने नेली. चाळिशीतला, मराठवाड्यातून आलेला, सुट्टीच्या दिवशी बसने यायचा आणि कादंबऱ्या न्यायचा. त्या दिवशी आजीही होत्या. दोघं खिडकीजवळच्या खुर्च्यांवर तासभर बोलत बसले. आजी हवेत चिंधीची गाठ मारून दाखवत होत्या आणि तो लक्ष देऊन बघत होता. मी दोनदा "शांतता राखा" म्हटलं.

वर्ष सरत आलं तशा पुड्या परत येऊ लागल्या. एक, दोन, पाच, अकरा. सगळ्या वेळेत. मी कोणाला विचारलं नाही की वांगं कसं आलं, चवीला कसं होतं. पुडी घेतली, शिक्का मारला, 'व' च्या खणात टाकली. खण भरला. कार्यकारिणीच्या बैठकीत मी छाती पुढे काढून सांगितलं की पुस्तकांपेक्षा बिया जास्त शिस्तीने परत येतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फक्त चाकणच्या माणसाची पुडी आली नाही. मी फोन केला.

"मॅडम, एकच झाड जगलंय बघा," तो म्हणाला. "त्याच्यावरचं फळ अजून पिवळं झालं नाही. थोडं थांबा."

"नवी पुडी आणून द्या. नियम लिहिलाय."

"नवी कशी आणू मॅडम? दुकानातलं आणलं तर ते हे नसणार की."

"वाद घालू नका. कारणं ऐकायला मी इथे बसलेली नाही."

दोन आठवडे वाट पाहून मी त्याचं नाव सभासद यादीतून कमी केलं. लाल पेनाने रेघ मारली, आणि खोटं कशाला बोलू, रेघ मारताना बरं वाटलं.

त्याच उन्हाळ्यात आजी एका लग्नासाठी गावी गेल्या होत्या. इकडे त्यांच्या गॅलरीला कबुतरांची जाळी बसवली. जाळीवाल्यांना जागा हवी म्हणून सुनेने रंगाचे डबे कचऱ्यात दिले. आजी पावसाच्या तोंडाशी आल्या तेव्हा हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट जीव भांड्यात पडल्यासारख्या दिसत होत्या.

"म्हनलं जाऊ द्या, वाचनालयात हाय आपलं."

मला भारी वाटलं. मी त्यांची थट्टाही केली, की आता तुम्हीच तुमच्या बियांच्या वर्गणीदार. त्यांच्या नावाचं कार्ड भरलं, 'व' च्या खणातून पुडी काढून दिली आणि बजावलं, वर्षाच्या आत, चमचाभर, आणि राख नको.

"व्हय बाई," त्या म्हणाल्या.

माघ महिन्यात त्यांनी पुडी परत आणली. पांढरा कागद, घड्या नीट घातलेल्या, बी लख्ख स्वच्छ, राखेचा कण नाही. मी शिपायांना बोलावून दाखवलं, बघा, या वयात आजी शिकल्या, नाहीतर आमचे शिकलेले सभासद. आजी हसल्या नाहीत. 'व' च्या खणापाशी जाऊन उभ्या राहिल्या, खण ओढला, पुड्यांवरून हात फिरवला.

"ह्या समद्या लोकांनी आनून दिल्या?"

"सगळ्यांनी. एक सोडून."

"कोन?"

"तो चाकणचा."

त्या माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर एकदम काहीतरी आलं, त्याला मी तेव्हा म्हातारपणाचं कुतूहल समजले. "त्याचं काय झालं? त्याचा फोन हाय का तुमच्याकडं?"

"त्याचं नाव काढू नका, आजी. माझं डोकं फिरतं. त्याला कमी केलंय."

त्यांनी पुड्यांवरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग खण लावला, पिशवी काखेत घेतली आणि म्हणाल्या, "बरं." त्यानंतर त्या आल्या नाहीत. दिवाळीनंतर त्या गेल्याचं मोशीच्या एका सभासदाने सांगितलं.

वास त्यानंतर सुरू झाला. दुपारी तीन वाजता वाचनालय रिकामं असतं, पंखे बंद, खाली भाजीवालेही आडवे झालेले असतात. अशा वेळी बंबाच्या राखेचा वास यायचा. मी शिपायांना विचारलं, कोणी विडी ओढतं का. त्यांनी कानांवर हात ठेवले. वर म्हणाले, "मॅडम, पेस्ट कंट्रोल करून घेऊ का?" मी त्यांच्यावर ओरडले. मग आजींची खिडकीजवळची खुर्ची कपाटाकडे वळलेली दिसू लागली. झाडूवाल्या बाई रोज हलवत असतील, मला मान्य आहे. मी रोज ती सरळ करायची. एकदा 'व' च्या खणात हात घातला आणि बोटाला काहीतरी टोचलं, रक्ताचा थेंब आला. कागदाची कड लागली असेल. तरी मी बोट तोंडात धरून कपाटापुढे बराच वेळ उभी होते आणि मला रडू येत होतं, का ते कळत नव्हतं.

फाल्गुनात त्यांची सून आली. पस्तिशीची, कंपनीचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, फर्स्ट शिफ्ट संपवून थेट आली होती.

"मॅडम, आत्यांचं बी पाहिजे होतं," ती म्हणाली. "डबे मीच टाकले त्यांचे. ते काही डोक्यातून जात नाही. म्हटलं आपण लावू."

मी लगबगीने पुडी काढून दिली. मला त्या वासापासून सुटका झाल्यासारखं वाटलं. बी घरी परत चाललं होतं, आजी आता शांत होतील, असलं काहीतरी माझ्या मनात आलं. सुनेने पुडी उघडली, नाकाशी नेली आणि तशीच धरून राहिली.

"ह्याच्यातलंच दिलं होतं का आत्यांना?"

"हो. का?"

तिने पुडी बंद करून टेबलावर ठेवली. "मग नको."

"नको म्हणजे?"

"मॅडम, रागावू नका." हे तिने आधी म्हटलं. "ती वांगी जांभळी आली होती. गुळगुळीत. काटा एक नाही. आत्यांनी पहिलं वांगं खुडलं आणि नुसती बोटं बघत बसल्या. मी म्हटलं, वाचनालयात जाऊन सांगा. तर म्हणाल्या, न्हाई सांगायचं. बाई तापट हाय, लोकांवर चिडंल, पेटीच बंद करंल. म्हणाल्या, एखाद्याकडं असंल अजून खरं, पेटी चालू ऱ्हाईली तर कदी तरी येईल माघारी. म्हणून मी आले, म्हटलं एव्हाना आलं असेल."

मी टेबलावरची पुडी उचलून पुन्हा उघडली.

"मग परत कशाला आणून दिलं?" मी विचारलं.

"तुमचा नियम होता ना. पण राख नाही घातली त्यांनी. म्हणाल्या, हे काय आपलं हाय राखंत जपायला?"

ती स्वच्छ पुडी मी शिपायांना बोलावून दाखवली होती.

सुनेला मी चहा पाजला आणि तिच्यासमोरच अकरा कार्डं काढली. एकेकाला फोन केला. आयुष्यात कधी बोलले नसेन इतक्या मऊ आवाजात विचारलं, खरं सांगा, मी काही म्हणणार नाही, ती पुडी तुमच्या झाडाची होती का? आधी सगळे गडबडले. मग एकेक करून सांगू लागले. कोणाची रोपं उन्हाने गेली, कोणाच्या कुंडीत मांजर बसलं, एका बाईंची वांगी छान झाली पण चिंधी बांधायचं विसरल्या आणि सगळी खाऊन टाकली. अकराही जणांनी रोपवाटिकेतून वांग्याची पुडी आणली होती, साध्या कागदात बांधून जमा केली होती. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "तुम्हाला मेलं म्हणून सांगायची छाती कोणाची होती?"

ज्यांना शिस्तीचे म्हणवून मी टाळ्या मिळवल्या, ते सगळे मला घाबरले होते. चूक त्यांची नव्हती. त्यांनी माझा नियम पाळला होता.

उरला बारावा. त्याचा फोन लागला तेव्हा पलीकडे मशिनचा आवाज होता. मी माझं नाव सांगितलं.

"भाऊ," मी म्हटलं, "ते झाड आहे का?"

"हाय की," तो म्हणाला. "कुठं जाणार?"

रविवारी सून स्कूटरवर आणि मी तिच्या मागे, अशा आम्ही चाकणला गेलो. कंटेनरच्या रांगांमधून, धुळीतून, खोल्यांच्या एका चाळीपर्यंत. तो खोलीच्या बाहेर उभा होता. मागच्या बाजूला पत्र्याच्या भिंतीला टेकून तेलाचा अर्धा कापलेला पिंप होता आणि त्यात छातीएवढं झाड. जुन्या खोलीतून या खोलीत आणताना त्याने ते पिंपासकट टेम्पोत घालून आणलं होतं. फिकट हिरवी, पांढऱ्या पट्ट्यांची चार वांगी लोंबत होती. पाचवं पिवळं पडलेलं होतं आणि त्याच्या देठाला कंपनीतल्या जुन्या हातमोज्याची लाल पट्टी बांधलेली होती.

सुनेने पुढे होऊन एक वांगं धरलं. लगेच हात मागे घेतला. बोटावर रक्त होतं. ती ते बोट बघत राहिली आणि तिथेच मातीत बसून हमसून हमसून रडली.

"गेल्या वर्षीपण बी धरलं होतं, मॅडम," तो मला म्हणाला. खोलीतून त्याने डबी आणली. डबी राखेने भरलेली होती. "पण नाव कमी केल्यावर कोणत्या तोंडानं यावं? एकदा खालच्या दरवाजापर्यंत आलो होतो. मग वाटलं, तुम्ही अजून चिडाल. माघारी गेलो."

तो सुनेकडे आणि माझ्याकडे बघून थोडा अवघडला, मग हसून म्हणाला, "त्या आजी कशा आहेत? येतात का अजून? त्यांना दाखवायचं होतं, गाठ बरोबर जमली का म्हणून."

सुनेने पदर तोंडाला लावला. सांगावं मलाच लागलं. आजी दिवाळीनंतर गेल्या, हे मी सांगितलं. आणि त्याआधी त्यांनी तुमची चौकशी केली होती, तुमचा नंबर मागितला होता, आणि मी दिला नाही, हेही सांगितलं. तो कितीतरी वेळ झाडाच्या पानांवरची धूळ बोटाने पुसत राहिला.

बी आता 'व' च्या खणात आहे, राखेसकट. चार पुड्या मागे ठेवल्या आहेत, त्या कोणालाही देत नाही. रंगाच्या दोन डब्यांत सुनेने रोपं केली आहेत. तिसरा नियम मी सुरीने खरवडून काढला आणि तिथे लिहिलं, आलं नाही तर तसं येऊन सांगा. लोक येतात, सांगतात. ऐकताना अजूनही माझ्या कपाळावर आठी येते, पण मी ऐकते.

राखेचा वास आता खरा आहे, त्याची भीती वाटायचं कारण नाही. तरी दुपारी तीनला खिडकीजवळची खुर्ची कपाटाकडे वळलेली दिसते आणि आता मी ती सरळ करत नाही. खण उघडते आणि हळूच सांगते, आजी, मिळालं, काटेरीच आहे, त्याच्याकडे होतं. खुर्चीत कोणी नसतं. ज्या दिवशी त्या माझ्यासमोर उभ्या राहून विचारत होत्या, त्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, त्याचं नाव काढू नका.